दुष्काळाचा प्रश्न आणि सूर्याचे उत्तर

शनिवार, 22 जानेवारी 1898. पौष अमावास्या. त्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गच्या बाजूने कोकण किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून करमाळ्याजवळच्या जेऊरवरून ईशान्येकडे निघाली आणि मराठवाडा व वऱ्हाड पार करून नागपूरच्या दिशेने गेली. खग्रास ग्रहणाचा हा पट्टा जेमतेम पन्नास मैल रुंद होता. हिंगोली आणि औंढा नागनाथ ही दोन्ही गावे त्याच्या आत होती. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात मोडत होती आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. गावाला रेल्वे नव्हती आणि दुर्बिणी, कॅमेरे, वर्णपटदर्शक असे जड सामान रेल्वेशिवाय हलत नव्हते. त्यामुळे खगोलवेत्त्यांनी रेल्वे पोचलेली ठिकाणे निवडली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल जेऊरला उतरले. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ पडला. त्यात वॉल्टर मॉन्डर, त्यांची पत्नी ॲनी मॉन्डर आणि जॉन एव्हरशेड होते. नॉर्मन लॉकयर यांनी बोटीने येऊन विजयदुर्ग गाठला होता. सावलीच्या एका टोकाला लॉकयर आणि दुसरीकडे मॉन्डर दांपत्य, ही मांडणी विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. सूर्य बदलतो तेव्हा पृथ्वीवर काय घडते, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे ही माणसे शोधत होती. लॉकयर यांना सूर्यावरच्या डागांतून हिंदुस्थानचा पाऊस ओळखायचा होता, तर मॉन्डर यांच्यापुढे चुंबकीय वादळांचे कोडे होते. हिंगोलीसारख्या कोरडवाहू मुलखाला हवे होते पहिले उत्तर. खरे ठरले दुसरे. असे का झाले, हे नीट समजून घेतले तर भाकित केव्हा मानावे आणि केव्हा मानू नये याची कसोटी हाती येते.

सूर्याकडे पाहून पावसाचा अंदाज बांधणे या मुलखाला नवे नव्हते. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य त्या त्या काळात ज्या नक्षत्रात असतो त्यांची नावे. चंद्राच्या तिथ्या वर्षागणिक मागे-पुढे सरकतात; मृग मात्र दर वर्षी जूनच्या सातव्या-आठव्या तारखेच्या आसपासच निघतो. कारण ही गणना सौर आहे आणि ऋतू सूर्याच्या स्थानावरच अवलंबून असतात. म्हणून शेतकऱ्याने पेरणीची तयारी नक्षत्रावर ठरवणे हे अनुभवसिद्ध आणि शास्त्राला धरून होते. पण नक्षत्र सांगते ते एवढेच की पावसाचा काळ आला. या वर्षी पाऊस किती पडेल, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही. तो हिशेब लावण्यासाठी नक्षत्राचे वाहन, पंचांगातले संवत्सरफल, घटमांडणी असे उपाय लोकांनी जोडून घेतले. नियमित सूर्यावरून ऋतू कळतो, पण ऋतूतला चढउतार कळत नाही, ही उणीव शेतकऱ्याला शतकानुशतके जाणवत आली होती. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विज्ञानाने जेव्हा सांगितले की खुद्द सूर्यातही चढउतार असतो, तेव्हा ही उणीव भरून निघेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते.

ती आशा दुष्काळातून बळावली. सूर्यावरच्या डागांची संख्या ठरावीक काळाने वाढते आणि घटते, हे जर्मनीतल्या हाइन्रिख श्वाबे यांनी 1843 मध्ये मांडले; पुढे हे चक्र साधारण अकरा वर्षांचे ठरले. 1876 ते 1878 या काळात दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळला आणि लाखो माणसे मेली. त्याच सुमाराला सूर्यावरचे डाग नाहीसे झाल्यासारखे होते. सरकारचे संख्याशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे डागांच्या चक्राशी ताडून पाहिले. 1877 मध्ये लॉकयर आणि हंटर यांनी मिळून सूर्यडाग आणि दुष्काळ यांच्यावर लेख लिहिला. डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असा त्याचा आशय. हे खरे असते तर दुष्काळाची चाहूल काही वर्षे आधी लागली असती, धान्याचे साठे करता आले असते, कालव्यांची कामे वेळेत काढता आली असती. विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने तर हिंदुस्थानातल्या पिकांमार्फत सूर्यडागांचा संबंध इंग्लंडच्या व्यापारी मंदीशी जोडला. या विचाराला पुढे दगडविटांचे रूप आले. 20 जुलै 1893 रोजी लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दक्षिणेत सूर्यवेधशाळा उभारण्याचा निर्णय घेतला आणि 1899 मध्ये कोडाईकनालची वेधशाळा स्थापन झाली. सूर्य समजला तर मोसमी पाऊस समजेल, हा त्यामागचा हेतू होता. पुण्याच्या वेधशाळेची उपकरणेही 1912 मध्ये तिकडेच गेली. भारतातली सर्वांत महत्त्वाची सौर वेधशाळा दुष्काळाच्या धास्तीतून जन्माला आली, हे विसरता कामा नये.

तरीही हा सिद्धान्त सुरुवातीपासून वादात होता. जनरल रिचर्ड स्ट्रेची हे पुढे दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी 1877 मध्येच मद्रासचे आकडे तपासले आणि वर्षावर्षांतला नैसर्गिक चढउतार इतका मोठा आहे की अकरा वर्षांचे चक्र त्यातून सिद्ध होत नाही, असे दाखवले. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सूर्याऐवजी हिमालयातल्या बर्फाकडे पाहिले आणि 1880 च्या दशकात पावसाचे अंदाज त्या आधारावर देण्यास सुरुवात केली. 1904 ते 1924 या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. त्यांनी सूर्यडाग आणि पाऊस यांचे सहसंबंध काढले, तेव्हा ते अंदाजासाठी कुचकामी ठरावेत इतके क्षीण निघाले. याच शोधात त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. त्याला आपण आज दक्षिणी आंदोलन म्हणतो आणि एल निनो त्याचाच जोडीदार आहे. वॉकर यांचा निष्कर्ष आज कोणालाही पडताळून पाहता येईल. 1877 चा दुष्काळ डागांच्या किमान काळाजवळ पडला, 1899 चाही डाग ओसरत असताना. पण 1918 चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा डागांचा कमाल काळ नुकताच, 1917 मध्ये, येऊन गेला होता. महाराष्ट्राच्या स्मरणात कोरलेला 1972 चा दुष्काळ चक्राच्या उतारावर आला. 2002 चा कमाल काळाजवळ, 2009 चा किमान काळाजवळ. मराठवाड्याला पाण्यावाचून तडफडवणारे 2015 हे वर्ष 2014 च्या कमाल काळाला लागून आले. दुष्काळ चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर पडलेले दिसतात; सूर्याचे कोणतेही बळ त्यांना एका रांगेत उभे करीत नाही. यांतल्या बहुतेक वर्षांत समान असलेली गोष्ट म्हणजे पॅसिफिकमधला एल निनो.

दुसऱ्या प्रश्नाची कहाणी मुंबईत सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली आणि 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे मराठी वाचकांचे केरूनाना, तरुणपणी याच वेधशाळेत काम करीत होते. काम रुक्ष होते. रेशमी धाग्याला टांगलेला चुंबक ठरलेल्या वेळी किती वळला हे डोळ्याने वाचायचे आणि वहीत उतरवायचे. त्याचा तात्काळ उपयोग कोणालाच सांगता आला नसता. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी एका डागसमूहावर अचानक पांढरा झगझगीत उजेड पाहिला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीभर चुंबकसूच्या थरथरल्या, तारयंत्रे बिघडली आणि विषुववृत्ताच्या कितीतरी जवळच्या प्रदेशांत आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपातल्या अनेक यंत्रांची सूची मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्याची नोंद मात्र तुटली नाही. 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना ॲलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वही वाचून दाखवले की 2 सप्टेंबरला मुंबईत क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरले होते. या घसरणीतला काही भाग वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा असावा, यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे. पण एवढ्या प्रचंड वादळाची कमी अक्षांशावरून झालेली इतकी स्पष्ट नोंद दुसरीकडे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसताच, विजेच्या प्रवाहाने नोंदी दूषित होऊ नयेत म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. जुनी आणि नवी मालिका अचूक जुळावी म्हणून दोन्हीकडे दोन वर्षे समांतर नोंदी ठेवल्या. मग 1846 ते 1905 चे सारे आकडे छापून प्रसिद्ध केले. अलिबागची ती मालिका आजही चालू आहे.

नोंदी साठत होत्या, पण त्यांचा अर्थ लावणे सोपे नव्हते. 1852 मध्ये एडवर्ड सॅबिन यांनी चुंबकीय अस्थिरता डागांच्या चक्राबरोबर वाढते-घटते हे दाखवले होते. तरीही 1892 मध्ये लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून सांगितले की हा संबंध मानता येत नाही. त्यांचा हिशेब असा होता: सूर्याने आपल्या चुंबकत्वाने पृथ्वीवर एक मध्यम वादळ उठवायचे तर आठ तासांत त्याला जेवढी ऊर्जा खर्चावी लागेल, तेवढी तो प्रकाश आणि उष्णतेच्या रूपाने कित्येक महिन्यांत देतो. म्हणून इतक्या वर्षांचे हे साम्य निव्वळ योगायोग असले पाहिजे. हाच माणूस पुढच्या वर्षी सूर्यावरून पाऊस समजावा म्हणून वेधशाळा मंजूर करणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता. त्या काळातल्या सर्वांत तल्लख भौतिकशास्त्रज्ञाने जो दुवा अशक्य म्हटला तो टिकला आणि ज्या दुव्यासाठी संस्था उभी राहिली तो मोडला. केल्विन यांचे गणित बरोबर होते. चूक होती गृहीतकात. सूर्याचा प्रभाव प्रकाशासारखा सर्व दिशांना सारखा पसरतो, असे त्यांनी धरले होते.

ते गृहीतक मोडायला तळणीचे छायाचित्र पुढे आले. ॲनी मॉन्डर ग्रिनिच वेधशाळेत काम करीत होत्या. 1895 मध्ये लग्न झाल्यावर त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. 1898 च्या ग्रहणासाठी त्यांनी विस्तृत क्षेत्र टिपणारा कॅमेरा स्वतः सज्ज केला आणि सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेला एक अरुंद किरणपट्टा टिपला. तोपर्यंत कोणीही इतका लांब पट्टा टिपला नव्हता. सूर्यापासून काहीतरी सरळ, अरुंद झोतात बाहेर पडते हे त्यावरून सुचत होते. पुढे वॉल्टर मॉन्डर यांनी ग्रिनिचच्या 1882 ते 1903 च्या नोंदी तपासल्या. अनेक चुंबकीय वादळे सुमारे 27 दिवसांनी परत येतात, म्हणजे सूर्य पृथ्वीच्या दृष्टीने एक फेरी पूर्ण करतो तेव्हा, असे त्यांनी दाखवले. बागेत फिरणाऱ्या फवाऱ्याच्या धारेत आपण ठरावीक वेळाने सापडावे, तशी पृथ्वी त्या झोतात सापडते. झोत अरुंद असेल तर केल्विन यांनी मोजलेली अफाट ऊर्जा लागतच नाही. आज आपण ज्याला सौरवारा म्हणतो त्याच्या कल्पनेची ही पहाट होती. आणि त्यातला एक धागा हिंगोलीवरून गेलेल्या सावलीतच हाती लागला होता.

इथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. पावसाच्या सिद्धान्ताला यंत्रणा नव्हती म्हणून आपण तो नाकारतो. मग चुंबकीय दुव्यालाही 1892 मध्ये यंत्रणा नव्हती. तोही नाकारायला नको होता का? आक्षेप खरा आहे, म्हणून केवळ यंत्रणेच्या अभावावर निकाल देता येत नाही. फरक पडतो तो नव्या नोंदींपुढे दावा टिकतो की नाही यावर. चुंबकीय संबंध प्रत्येक नव्या चक्रात, कुलाबा, ग्रिनिच, अलिबाग अशा वेगवेगळ्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा दिसला. मॉन्डर यांचे 27 दिवस आगाऊ मोजून तपासता येत होते. पावसाचा संबंध मद्रासमध्ये दिसला तर उत्तरेत दिसेना, एका चक्रात दिसला तर दुसऱ्यात हरवला. नोंद वाढेल तसा चुंबकीय दावा घट्ट होत गेला आणि पावसाचा विरत गेला. यंत्रणा नंतर सापडू शकते, पण फसलेल्या भाकिताला नंतर कोणतीही यंत्रणा वाचवत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाच्या दीर्घ इतिहासातून येतो. 1645 ते 1715 या काळात सूर्यावर डाग फारच थोडे होते. मॉन्डर यांनीच त्याकडे लक्ष वेधले आणि त्यांचेच नाव त्या काळाला मिळाले. युरोपात तो थंडीचा काळ मानला जातो. म्हणजे सूर्याचा हवामानावर काहीच परिणाम नाही असे कसे म्हणावे? तसे कोणी म्हणतही नाही. डागांच्या एका चक्रात सूर्याकडून येणारी एकूण ऊर्जा साधारण हजारात एक भागाने बदलते, अतिनील किरणांत हा बदल अधिक असतो आणि अनेक दशकांच्या सरासरीत त्याचा ठसा उमटू शकतो. पण हजारात एक भागाच्या फरकावरून येत्या जुलैत हिंगोलीच्या कयाधू नदीला पूर येईल की तिचे पात्र कोरडे राहील हे सांगता येत नाही. आणि दख्खन उद्ध्वस्त करणारा 1630-32 चा दुष्काळ तर तो डागविरहित काळ सुरू होण्याआधीच पडला होता.

तिसरा प्रश्न हिंगोलीच्या शेतकऱ्याचा असेल: पाऊस सांगता येत नसेल तर सूर्याचे हे शास्त्र आमच्या काय कामाचे? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते, आता आहे. 13 मार्च 1989 च्या चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास गेली. मे 2024 मध्ये दोन दशकांतले सर्वांत तीव्र वादळ आले. लडाखमधल्या हानलेला आकाश लाल झाले आणि अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहांच्या दिशादर्शनावर चालणारे ट्रॅक्टर थांबले. आपल्या अक्षांशावर वीजवाहिन्यांना धोका कमी आहे, पण चुंबकीय विषुववृत्ताभोवतीच्या या प्रदेशात उपग्रहाचे संदेश आयनांबरात विस्कळीत होण्याचे प्रमाण मोठे आहे. ड्रोनने फवारणी, उपग्रहाने मोजणी, मोबाइलवर बाजारभाव, हे सारे वसमत-कळमनुरीच्या शिवारात आता नवलाईचे राहिलेले नाही. 2 सप्टेंबर 2023 रोजी सुटलेले आदित्य-एल1 हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर बसून येणारा सौरवारा मोजते. तिथून तो झोत पृथ्वीवर पोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. इशाऱ्याला मिळणारा तो अवधी म्हणजे मॉन्डर यांच्या 27 दिवसांचा आजचा वारसा. यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. हीच संस्था औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पातही सहभागी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपये खर्चाला मंजुरी दिलेल्या या प्रकल्पात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील आणि त्यांतून गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. लायगोसारख्या यंत्राला चुंबकीय क्षेत्रातली सूक्ष्म हालचालही गोंगाटासारखी त्रास देते. म्हणून अशा प्रत्येक वेधशाळेत आसपासचे चुंबकीय क्षेत्र सतत मोजावे लागते. ज्या मातीवरून 1898 ची सावली निघून गेली, तिथे आता पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद होणार आहे.

कुलाब्याच्या वहीचे मूल्य कळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. ती वही लिहिणाऱ्यांना कॅरिंग्टन ठाऊक नव्हते, उपग्रह ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. वेळेवर वाचायचे आणि खरे लिहायचे एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणून औंढ्याच्या प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या संस्थांकडे आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडे एक मागणी करावीशी वाटते. तिथल्या चुंबकीय नोंदी यंत्राचा गोंगाट काढण्यापुरत्या वापरून टाकून देऊ नयेत. अलिबागच्या मालिकेशी त्या जोडाव्यात, जपाव्यात आणि विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. आणि शेतकऱ्यांनी, सूर्यडागांवरून पावसाचा आकडा सांगणारा कोणी भेटला, तर त्याला 1918 आणि 2015 ही दोन वर्षे आधी समजावून सांगायला लावावीत.